संगणकाची जाग आणि निद्रा : नव्या कार्यप्रणालीने नेमके काय बदलते?

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर प्रत्यक्ष कामाला प्रारंभ होईपर्यंतचा काळ सहसा कोणाच्याही हिशेबात धरला जात नाही. तो कामाचा नसतो आणि विश्रांतीचाही नसतो. मात्र शाखेत काउंटरसमोर रांग उभी असताना, निवृत्तिवेतनधारक पासबुक हातात घेऊन थांबलेले असताना किंवा घरी बसून वीजबिल भरण्याची मुदत संपत आलेली असताना हीच दोन-तीन मिनिटे फार मोठी वाटू लागतात. दहा संगणकांच्या शाखेत प्रत्येक यंत्राने सकाळी तीन मिनिटे घेतली, तर रोज अर्ध्या तासाचे मनुष्यबळ नुसते पडद्याकडे पाहण्यात खर्च होते. वर्षातील कामकाजाचे अडीचशे दिवस धरले, तर हा आकडा सव्वाशे तासांवर पोहोचतो.

म्हणूनच नवी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बाजारात आली की ग्राहकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हिच्यामुळे संगणक लवकर सुरू होईल का? आणि संध्याकाळी घाईत निघताना तो लवकर बंद होईल का? या प्रश्नांचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत कार्यप्रणालींनी या काही सेकंदांसाठी केलेले प्रयत्न पाहिले, तर नवेपणाचा वाटा किती, यंत्राचा वाटा किती आणि वापरणाऱ्याच्या सवयींचा वाटा किती, हे स्पष्ट होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वेग वाढवताना कोणत्या गोष्टीला हात लावू नये, हेही समजते.

जागे होण्याच्या पायऱ्या

संगणक सुरू होण्याच्या क्रियेला ‘बूट होणे’ म्हणतात. इंग्रजीत ‘स्वतःच्या बुटांचे पट्टे धरून स्वतःलाच वर उचलणे’ अशा अर्थाचा एक वाक्प्रचार आहे, त्यावरून हा शब्द आला. संगणकापुढची अडचणही तशीच असते. डिस्कवरील प्रोग्रॅम स्मरणात आणण्यासाठी आधी एखादा प्रोग्रॅम स्मरणात असावा लागतो. ही अडचण सोडवण्यासाठी मदरबोर्डवरील एका चिपमध्ये छोटासा प्रोग्रॅम कायमचा साठवलेला असतो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून तो ‘बायोस’ या नावाने ओळखला गेला. आजच्या संगणकांत त्याची जागा ‘यूईएफआय’ने घेतली आहे.

वीज मिळताच हा प्रोग्रॅम स्मरण, कळफलक, पडदा, डिस्क यांची तपासणी करतो. त्यानंतर तो डिस्कवरील ‘बूट लोडर’ शोधून त्याच्याकडे सूत्रे सोपवतो. बूट लोडर कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे ‘कर्नल’, स्मरणात आणतो. कर्नल प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर चालू करतो. मग छपाई, नेटवर्क, ध्वनी, सुरक्षा अशा पार्श्वभूमीवरील सेवा उभ्या राहतात. वापरकर्त्याने पासवर्ड दिल्यावर त्याचा डेस्कटॉप दिसतो, आणि सर्वांत शेवटी त्याने स्वतः बसवलेले प्रोग्रॅम एकापाठोपाठ एक जागे होतात.

या क्रमातून एक गोष्ट लगेच लक्षात येते. नवी कार्यप्रणाली बसवल्याने या साखळीतील मधला भागच बदलतो. आरंभीची तपासणी मदरबोर्डच्या हाती असते आणि शेवटची गर्दी वापरणाऱ्याच्या हाती. म्हणूनच तीच कार्यप्रणाली एका यंत्रावर पंधरा सेकंदांत उभी राहते आणि दुसऱ्या यंत्रावर दीड मिनिट घेते.

फिरत्या तबकडीचा अडसर

अनेक वर्षे या सर्व पायऱ्यांवर एकाच घटकाची सत्ता होती, ती म्हणजे हार्ड डिस्क. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते. हवा असलेला भाग वाचकशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ सहस्रांश सेकंद थांबावे लागते. शीर्ष योग्य जागी सरकण्याचा वेळ त्यात मिळवला, तर विखुरलेल्या जागांवरून वाचन करताना सेकंदाला शंभर वाचनेही पूर्ण होत नाहीत. संगणक सुरू होताना मात्र हजारो लहान-लहान तुकडे वाचावे लागतात. प्रोसेसर कितीही वेगवान असला, तरी तो या तबकडीची वाट पाहत बसून राही.

चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारा एकही भाग नसतो. तिथे एक तुकडा मिळण्यास सहस्रांश सेकंदाचा दहावा हिस्साही लागत नाही. संगणकाच्या सुरू होण्याच्या वेळेत गेल्या काही वर्षांत जी मोठी घट दिसली, तिचे बरेचसे श्रेय या बदलाकडे जाते. पण तो येण्यापूर्वी कार्यप्रणालींनी याच तबकडीशी जुळवून घेण्यासाठी जी कल्पकता दाखवली, तीही जाणून घेण्यासारखी आहे.

एक्सपीचे उद्दिष्ट : तीस, वीस, पाच

विंडोज ९५ च्या काळात संगणक बंद करणे ही दोन टप्प्यांची क्रिया होती. आधी ‘बंद करा’ ही आज्ञा द्यायची, मग ‘आता संगणक बंद करणे सुरक्षित आहे’ अशा अर्थाचा संदेश पडद्यावर येईपर्यंत थांबायचे आणि नंतर स्वतःच्या हाताने बटण दाबायचे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये वीज-नियंत्रणाचे ‘एसीपीआय’ हे मानक प्रसिद्ध केले. पुढे ते सर्वत्र रुळले आणि कार्यप्रणालीच यंत्राचा वीजपुरवठा व्यवस्थितपणे तोडू लागली.

२५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आलेल्या विंडोज एक्सपीच्या रचनाकारांनी स्वतःसाठी तीन आकडे ठरवले होते : संगणक ३० सेकंदांत वापरण्याजोगा व्हावा, हायबरनेट स्थितीतून २० सेकंदांत परतावा आणि स्टँडबाय स्थितीतून ५ सेकंदांत. त्यासाठी ‘प्रीफेच’ ही युक्ती योजली गेली. संगणक सुरू होताना कोणत्या फाइलींचे कोणते तुकडे वाचले जातात, याची कार्यप्रणाली नोंद ठेवी. पुढच्या वेळी मागणी येण्याची वाट न पाहता ते तुकडे ती आधीच सलगपणे वाचून घेई. शिवाय संगणक रिकामा असताना, साधारण तीन दिवसांतून एकदा, या फाइली डिस्कवर शेजारी-शेजारी मांडल्या जात. अनुभवी रोखपाल सकाळीच लागणाऱ्या नोटांची बंडले क्रमाने हाताशी रचून ठेवतो, त्यातलाच हा प्रकार.

या सुधारणेला एक दुसरी बाजूही होती. डेस्कटॉप लवकर दिसावा म्हणून काही कामे मागे ढकलली गेली. चित्र दिसे, पण माऊसचे चिन्ह फिरत राही आणि डिस्कचा दिवा लुकलुकत राही. ‘सुरू होणे’ म्हणजे पडदा दिसणे की काम करता येणे, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत कायम आहे. वेगाच्या जाहिराती वाचताना ग्राहकांनी हा भेद ध्यानात ठेवावा.

विस्टाचा धडा आणि विंडोज ७ ची सुधारणा

जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज विस्टाने ‘नवे ते जलद’ या समजुतीला धक्का दिला. तिच्यात सोयी पुष्कळ होत्या. कोणते प्रोग्रॅम केव्हा लागतात हे ओळखून ते स्मरणात भरून ठेवणारी ‘सुपरफेच’ ही सेवा होती. कमी महत्त्वाच्या सेवांना थोड्या उशिराने सुरू करण्याची सोयही तिनेच आणली. पण हे सारे पेलण्याइतके स्मरण त्या काळच्या अनेक यंत्रांत नव्हते. एक्सपीसाठी घेतलेल्या संगणकावर विस्टा चढवली, तर तो अनेकदा संथ झाल्याचाच अनुभव येई.

संगणक बंद करण्याच्या बाबतीतही विस्टाने गोंधळ उडवला. स्टार्ट मेनूतील वीजचिन्हाचे बटण दाबले की संगणक बंद न होता ‘स्लीप’मध्ये जाई. शेजारच्या लहानशा बाणावर क्लिक केले की लॉग ऑफ, लॉक, रीस्टार्ट, स्लीप, हायबरनेट, शट डाऊन अशी पर्यायांची यादी उलगडे. कामावरून निघालेल्या माणसाला हवे असे एकच : यंत्र बंद करून जाणे. विंडोज ७ मध्ये त्या जागी ‘शट डाऊन’ असे शब्दच लिहिलेले बटण आले, ते या अनुभवातून.

ऑगस्ट २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःच जाहीर केलेल्या माहितीनुसार, विस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकवर चालणाऱ्या संगणकांपैकी सुमारे ३५ टक्के संगणक ३० सेकंदांच्या आत आणि सुमारे ७५ टक्के ५० सेकंदांच्या आत सुरू होत होते. म्हणजे दर चार संगणकांपैकी एकाला त्याहून अधिक वेळ लागत होता. १५ सेकंदांत उभी राहणारी यंत्रणा उत्तम मानावी, असे उद्दिष्ट तेव्हा विंडोज ७ साठी ठेवण्यात आले. २२ ऑक्टोबर २००९ रोजी आलेल्या या आवृत्तीत उपकरणांचे ड्रायव्हर एकामागून एक सुरू करण्याऐवजी शक्य तिथे एकाच वेळी सुरू होऊ लागले. काही सेवा तर गरज पडल्यावरच जाग्या होऊ लागल्या. ग्राहक आला की काउंटर उघडायचा, तोपर्यंत दिवा जाळायचा नाही, असे हे धोरण होते.

२०१२ : बंद केलेला संगणक पूर्ण बंद नसतो

सर्वांत मोठा बदल २६ ऑक्टोबर २०१२ रोजी प्रसिद्ध झालेल्या विंडोज ८ ने केला, आणि आज घरोघरी संगणक वापरणाऱ्यांपैकी अनेकांना त्याची अजून कल्पना नाही. स्लीपची सोय वर्षानुवर्षे उपलब्ध असूनही डेस्कटॉप वापरणारे ५७ टक्के आणि लॅपटॉप वापरणारे ४५ टक्के लोक संगणक बंदच करतात, असे मायक्रोसॉफ्टच्या पाहणीत आढळले होते. वीज वाया जाऊ नये, सकाळी कोऱ्या पाटीने सुरुवात व्हावी, ही त्यामागची साधी भावना.

तेव्हा रचनाकारांनी मधला मार्ग काढला. वापरकर्त्याने ‘शट डाऊन’ म्हटले की त्याचे प्रोग्रॅम बंद करून त्याला बाहेर काढायचे, पण कर्नल आणि ड्रायव्हर यांची स्थिती मोडून न टाकता तिचे चित्र डिस्कवर साठवायचे. मग वीज तोडायची. दुसऱ्या दिवशी कर्नल नव्याने उभा करण्याऐवजी ते साठवलेले चित्रच स्मरणात परत आणायचे. या सोयीला ‘फास्ट स्टार्टअप’ असे नाव आहे. २०११ मध्ये तिची घोषणा करताना, चाचणी घेतलेल्या बहुतेक संगणकांवर सुरू होण्याचा वेळ ३० ते ७० टक्क्यांनी कमी झाल्याचे कंपनीने सांगितले होते. विंडोज १० आणि ११ मध्येही ही सोय आहे.

एसएसडी असलेली यंत्रे तर इतकी झटपट उठू लागली की एक नवीच अडचण उभी राहिली. दुरुस्तीसाठी सुरुवातीलाच एफ-२ किंवा एफ-८ ही कळ दाबायची, हा जुना रिवाज. पण ती कळ दाबण्यासाठी मिळणारा अवधी आता २०० सहस्रांश सेकंदांहूनही कमी उरला. शेवटी दुरुस्तीचे पर्याय विंडोजच्या आत आणावे लागले. आज शिफ्ट कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडले की ते समोर येतात.

या बदलाचा व्यवहारातील अर्थ महत्त्वाचा आहे. फास्ट स्टार्टअप चालू असलेल्या संगणकावर ‘शट डाऊन’ने कर्नल ताजा होत नाही, ‘रीस्टार्ट’ने होतो. प्रिंटर ओळखला जात नाही, नेटवर्क अडकते, अशा तक्रारींवर रात्रभर संगणक बंद ठेवूनही फरक पडत नाही आणि एका रीस्टार्टने पडतो, त्याचे बरेचदा हेच कारण असते. टास्क मॅनेजरमधील ‘अप टाइम’चा आकडा रोज संगणक बंद करूनही अनेक दिवसांचा दिसतो, तोही याचमुळे. ज्यांच्या यंत्रावर विंडोजबरोबर लिनक्सही आहे, त्यांनी तर अधिक जपावे. साठवलेल्या स्थितीत असलेल्या विंडोजच्या डिस्कवर दुसऱ्या प्रणालीने लिखाण केल्यास माहिती बिघडू शकते.

लिनक्सचे पाच सेकंदांचे अंदाजपत्रक

लिनक्सच्या जगात हाच प्रश्न वेगळ्या पद्धतीने हाताळला गेला. २००८ मध्ये आर्जन व्हान डे व्हेन आणि ऑक कॉक या इंटेलच्या अभियंत्यांनी ‘असूस ईईई पीसी’ या छोट्या नेटबुकवर लिनक्स पाच सेकंदांत सुरू करून दाखवले. त्यांची रीत बँकेच्या अंदाजपत्रकासारखी होती. कर्नलला एक सेकंद, प्रारंभिक सेवांना एक, चित्रप्रणालीला एक आणि डेस्कटॉपला दोन, अशी तरतूद आधीच ठरली. प्रत्येकाने आपापल्या तरतुदीत काम भागवायचे, उसनवारी नाही. शिवाय अट अशी की पाच सेकंद संपताना प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही निवांत असली पाहिजेत. पडदा दाखवून मागे काम चालू ठेवण्याची पळवाट त्यांनी स्वतःच बंद केली होती.

२०१० मध्ये आलेल्या ‘सिस्टमडी’ या व्यवस्थेने सेवा समांतरपणे सुरू करण्याची पद्धत रूढ केली आणि पुढील काही वर्षांत बहुतेक प्रमुख लिनक्स वितरणांनी ती स्वीकारली. ‘सिस्टमडी-ॲनालाइझ’ ही आज्ञा दिली की कोणत्या टप्प्याने किती सेकंद घेतले याचा ताळेबंदच समोर येतो. मात्र बंद होताना एखादी सेवा हटून बसली, तर ही व्यवस्था नेहमीच्या रचनेत तिची ९० सेकंद वाट पाहते. सुरू होण्यात चपळ असलेली यंत्रणा बंद होताना कधी कधी रेंगाळते, ती यामुळे.

बंद होण्यास वेळ का लागतो?

सुरू होण्याच्या वेळेची चर्चा पुष्कळ होते. बंद होण्याचा वेळ उपेक्षित राहतो. वास्तविक दिवसअखेर ताळा जुळवल्याशिवाय शाखेची तिजोरी बंद होत नाही, तसेच संगणकाचेही आहे. कार्यप्रणाली प्रथम उघड्या प्रोग्रॅमना आपले काम जतन करण्यास सांगते. मग पार्श्वभूमीवरील सेवांना थांबण्याची सूचना देते. त्यानंतर सर्वांत महत्त्वाची पायरी येते. वेगासाठी बरीचशी माहिती डिस्कवर लिहिण्यापूर्वी काही काळ स्मरणात थांबवलेली असते. ती सर्व डिस्कवर उतरवली जाते. फाइल-व्यवस्था ‘व्यवस्थित बंद झाली’ अशी खूण करते आणि मगच वीज तुटते.

कार्यप्रणालींनी वेळ वाचवला तो या वाट पाहण्यात. विंडोज एक्सपी थांबण्यास तयार नसलेल्या सेवेला २० सेकंदांची मुदत देई. विंडोज ७ ने ती १२ सेकंदांवर आणली आणि विंडोज ८ ने ५ सेकंदांवर. एखाद्या प्रोग्रॅममध्ये जतन न केलेला मजकूर असेल, तर मात्र त्याचे नाव पडद्यावर दाखवून निर्णय वापरकर्त्यावर सोपवला जातो. येथे ‘तरीही बंद करा’ हे बटण घाईने दाबणे म्हणजे न वाचता कागदावर सही करण्यासारखे आहे.

बटण पाच-सात सेकंद दाबून धरले की कोणताही संगणक बंद होतो. पण तो ‘बंद केलेला’ नसतो, ‘पाडलेला’ असतो. आजच्या फाइल-व्यवस्था आपल्या बदलांची रोजकीर्द ठेवतात. त्यामुळे अचानक वीज गेली तरी डिस्कची रचना सहसा वाचते. तरीही स्मरणात अडकलेला मजकूर परत मिळेलच, याची हमी नसते. २००० च्या दशकात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमनाचे वेळापत्रक पाहूनच संगणकाचे काम आखावे लागे. यूपीएस घेतला जाई, तो मुख्यतः यंत्र नीट बंद करण्यापुरती चार-पाच मिनिटे मिळावीत म्हणून. ती गरज आजही संपलेली नाही.

‘अपडेट बसवत आहे, संगणक बंद करू नका’ ही सूचना अनेकांच्या संयमाची परीक्षा पाहते. चालू असलेली फाइल चालू असतानाच बदलता येत नाही, म्हणून तिची अदलाबदल बंद होताना किंवा पुन्हा सुरू होताना करावी लागते. हा उशीर आळसाचा नव्हे, दुरुस्तीचा असतो.

वेगासाठी सुरक्षेचा बळी नको

नवी कार्यप्रणाली बसवल्यावर पहिले काही दिवस संगणक चपळ वाटतो, याचे एक साधे कारण असते. घर नुकतेच रिकामे करून झाडलेले असते. मग हळूहळू छपाईयंत्राचा मदतनीस, संदेशवाहक, गाणी वाजवणारा, अपडेट तपासणारा, असे एकेक पाहुणे येतात आणि प्रत्येक जण ‘मला सकाळी लवकर उठवा’ असे सांगून ठेवतो. वर्षभराने संगणक संथ झाला, तर दोष बहुधा या पाहुण्यांचा असतो.

त्यांना उठवणे थांबवावे. पण घरच्या पहारेकऱ्याला रजा देऊ नये. यूईएफआयमधील ‘सिक्युअर बूट’ ही सोय बूट लोडरवरील डिजिटल स्वाक्षरी पडताळून पाहते. २०१२ पासूनच्या विंडोजमध्ये विषाणूरोधक सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर इतर अनेक ड्रायव्हरांच्या आधी सुरू होऊ शकतो, जेणेकरून घातक ड्रायव्हरला आत शिरण्यास वाव मिळू नये. या तपासण्यांना थोडा वेळ लागतो. बँकेच्या दारातील सुरक्षारक्षकामुळे आत जाण्यास दोन क्षण अधिक लागतात, म्हणून त्याला कोणी काढून टाकत नाही.

या पहिल्या काही सेकंदांवर किती अवलंबून असते, हे १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. सुरू होण्याच्या टप्प्यावरच हा घटक जागा होत असल्याने अनेक यंत्रे पुन्हा पुन्हा सुरू होऊन पुन्हा पुन्हा कोसळत राहिली. कित्येक ठिकाणी कर्मचाऱ्यांना एकेका यंत्रापाशी जाऊन ते ‘सेफ मोड’मध्ये सुरू करावे लागले आणि सदोष फाइल हाताने काढावी लागली. भारतात दहा बँका व बिगर-बँक वित्तीय कंपन्यांना किरकोळ अडथळे आले, असे रिझर्व्ह बँकेने त्याच दिवशी स्पष्ट केले. संगणक सुरू होण्याच्या क्षणी जो घटक सर्वांत आधी जागा होतो, तो सर्वांत विश्वासार्हही असला पाहिजे, हा त्याचा बोध.

बँकेच्या दृष्टीने वेगाहून मोठा मुद्दा हाच आहे. विंडोज एक्सपीची अधिकृत देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. तरीही देशातील अनेक एटीएम त्यानंतरही तिच्यावर चालत होती. २१ जून २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना कालबद्ध आदेश दिले. सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सर्व एटीएमवर देखभाल चालू असलेली कार्यप्रणाली बसवणे बंधनकारक झाले. यंत्र किती सेकंदांत सुरू होते, हा त्या आदेशाचा विषय नव्हता. सापडलेली भगदाडे बुजवणारे कोणी मागे आहे की नाही, हा होता. घरच्या संगणकासाठीही हीच कसोटी लावावी. विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे.

ग्राहकांसाठी उपयुक्त सूचना

१. संगणक सुरू होण्यास लागणारा वेळ एकदा घड्याळ लावून मोजावा. बटण दाबल्यापासून ब्राउझरमध्ये पहिले पान उघडेपर्यंतचा वेळ हाच खरा वेळ समजावा.

२. विंडोज १० किंवा ११ मध्ये टास्क मॅनेजरचा ‘स्टार्टअप’ विभाग उघडून पाहावा. कोणता प्रोग्रॅम किती भार टाकतो, हे तेथे दिसते. अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत. विषाणूरोधक मात्र चालूच ठेवावा. यूईएफआय असलेल्या बहुतेक यंत्रांवर याच ठिकाणी ‘लास्ट बायोस टाइम’ हा आकडाही दिसतो. तो मोठा असेल, तर विलंब कार्यप्रणालीचा नसून मदरबोर्डच्या तपासणीचा आहे, हे ओळखावे.

३. संगणकात अजूनही फिरती हार्ड डिस्क असेल, तर नव्या कार्यप्रणालीपेक्षा एसएसडी बसवल्याने अधिक फरक पडतो. बदलापूर्वी सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

४. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि सिक्युअर बूटची क्षमता आवश्यक आहे. जुने यंत्र या अटींत बसत नसेल, तर आडमार्गाने ती बसवण्यापेक्षा देखभाल चालू असलेल्या लिनक्सचा विचार करावा. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल अशी लिनक्सवर आधारित प्रणालीही उपलब्ध आहे.

५. आठवड्यातून किमान एकदा ‘रीस्टार्ट’ करावे. अपडेटने तशी मागणी केल्यास ते टाळू नये. दुपारच्या जेवणाच्या सुटीत किंवा रात्री काम संपल्यावर उरकून घ्यावे.

६. दिवसभरात थोड्या वेळासाठी उठताना संगणक बंद करण्याऐवजी ‘स्लीप’ वापरावे, मात्र परतल्यावर पासवर्ड विचारला जाईल अशी व्यवस्था ठेवावी. नेट बँकिंग संपल्यावर आधी ‘लॉग आऊट’ करावे, मगच संगणक बंद करावा.

७. ‘तुमचा संगणक संथ झाला आहे, आम्ही तो दूरवरून जलद करून देतो’ असे सांगणाऱ्या अनोळखी दूरध्वनीला प्रतिसाद देऊ नये. दूरनियंत्रणाच्या ॲपद्वारे ग्राहकांच्या खात्यांतील रक्कम काढून घेतली जाण्याच्या धोक्याबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. बँकेचा कोणताही कर्मचारी असे ॲप बसवण्यास सांगत नाही.

नव्या कार्यप्रणालीकडून वेगाची अपेक्षा करणे गैर नाही. गेल्या दोन दशकांत ती बऱ्याच अंशी पूर्णही झाली आहे. एक्सपीच्या रचनाकारांनी ध्येय म्हणून ठरवलेले तीस सेकंद एसएसडी असलेल्या आजच्या साध्या यंत्रालाही जड जात नाहीत. पण संगणकावर आता पत्रे आणि गाणीच नसतात; बचत, कर्जाचे हप्ते, मुलांचे शिक्षणशुल्क आणि उतारवयाची पुंजी यांचे व्यवहारही त्यावरूनच होतात. अशा यंत्राने उठताना दोन सेकंद अधिक घेतले तरी चालतील. ते ज्याच्या हाती सूत्रे देते, तो ओळखीचा असला पाहिजे. आणि दिवस संपताना हिशेब पूर्ण लिहून होईपर्यंत त्याला तेवढी उसंतही दिली पाहिजे.